वंगणतेलाच्या पिंपावर काय लिहिले पाहिजे?

(पेरुंगुडी, चेन्नई येथे अभियांत्रिकी कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अभ्यासवर्गाच्या कार्यक्रमपत्रिकेत वंगणतेलाचे नाव पाहून काही मित्र हसले. वेतनाचा प्रश्न आहे, कंत्राटी पद्धतीचा प्रश्न आहे, नव्या श्रमसंहिता आल्या आहेत. अशा वेळी तेलाच्या पिंपावरील लेबलाची चर्चा कशासाठी, असे त्यांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. मात्र ज्या पदार्थात टर्नरचा हात आठ-आठ तास बुडालेला असतो त्या पदार्थाचे गुणदोष त्याला सांगायचे की नाही, हा प्रश्नही वेतनाइतकाच जुना आहे, आणि तो कधीही आपोआप सुटलेला नाही.

आपल्या कारखान्यांत एक समज घट्ट बसलेला आहे. मशीनशॉपमधल्या कामगाराला विचारा, तुमच्या खात्यात रसायने कोणती? तो सांगेल, आमच्याकडे केमिकल नाही, केमिकल पलीकडे प्लेटिंगमध्ये आहे. आमच्याकडे फक्त तेल, ग्रीस आणि कूलंट. भोसरीत हेच उत्तर मिळेल, साताऱ्यात हेच आणि अंबत्तूरमध्येही हेच. तेल म्हणजे रसायन नव्हे, ही समजूत कामगाराच्या अज्ञानातून आलेली नाही. ती कायद्याच्या रचनेतून आलेली आहे, आणि आजच्या माझ्या प्रतिपादनाचा गाभा हाच आहे.

प्रथम हे तेल म्हणजे काय ते पाहू. वंगणाचा मोठा भाग मूळ तेलाचा असतो. कच्च्या तेलातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल निघाल्यावर जो जड अंश उरतो त्यापासून ते काढतात. मुंबईत माहुलला हिंदुस्थान पेट्रोलियमच्या आणि येथून उत्तरेला मनालीच्या शुद्धीकरण कारखान्यात ते तयार होते. या जड अंशात बहुवलयी सुगंधी हायड्रोकार्बन असतात आणि त्यांपैकी काही कर्करोगकारक आहेत. तेल नीट शुद्ध केले तर ते बहुतांशी निघून जातात, अर्धवट शुद्ध केले तर राहतात. त्यात मग घर्षणरोधक, गंजरोधक, जंतुनाशक अशी पूरक द्रव्ये मिसळतात. पिंपात शेवटी काय आहे हे तेल बनवणाऱ्याला ठाऊक असते. विकत घेणाऱ्याला थोडे ठाऊक असते, आणि वापरणाऱ्याला फक्त रंग आणि वास.

या अज्ञानाची किंमत प्रथम लँकेशायरच्या कामगारांनी मोजली. तेथील सूतगिरण्यांत म्यूल यंत्रावर वाकून काम करताना चात्यांवरचे तेल उडून कामगाराची विजार जांघेपाशी भिजत असे. १९२२ साली मँचेस्टरच्या डॉक्टरांनी या कामगारांमधील वृषणकोशाच्या त्वचेच्या कर्करोगाकडे लक्ष वेधले. चात्यांना कोणते तेल घालावे यावर बंधन घालणारे नियम इंग्लंडमध्ये आले ते १९५३ साली. मध्ये एकतीस वर्षे गेली. संशोधन झाले, समित्या बसल्या, अहवाल निघाले, आणि कामगार त्याच तेलात भिजत राहिले. तोवर म्यूल यंत्रेच मोडीत निघू लागली होती.

त्यानंतर तोच रोग यंत्रशाळांत दिसू लागला. गेस्ट, कीन अँड नेटलफोल्ड्स या बोल्ट-नट बनवणाऱ्या कंपनीतील स्टोक्स नावाचा टूलसेटर वर्षानुवर्षे तेलाने माखलेल्या यंत्रांवर ओणवा होऊन काम करीत होता. तो याच कर्करोगाने वारला. त्याच्या पत्नीने दावा लावला आणि १९६८ साली न्यायमूर्ती स्वॅनविक यांनी कंपनीला जबाबदार धरले. कारखान्याच्या डॉक्टरांना धोका ठाऊक होता, परंतु कामगारांना पत्रक वाटले गेले नाही आणि नियमित तपासणीही ठेवली गेली नाही. न्यायालयाने दोष ठेवला तो न सांगण्यावर. माहिती असून ती स्वतःजवळ ठेवणे हा निष्काळजीपणा आहे, हे तत्त्व वंगणतेलाच्या खटल्यातून कायद्यात रुजले. आजही ‘कशाला सांगता, लोक उगाच घाबरतील’ असे उत्तर व्यवस्थापकाकडून मिळाले की या निकालाची आठवण करून द्यावी.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण अतिशयोक्तीने आपलेच नुकसान होते. प्रत्येक वंगणतेल कर्करोगकारक नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने शुद्ध न केलेली किंवा सौम्यपणे शुद्ध केलेली खनिज तेले पहिल्या गटात, म्हणजे मानवाला निश्चित कर्करोगकारक अशा पदार्थांत, घातली आहेत. उच्च शुद्धीकरण केलेली तेले त्या गटात नाहीत. युरोपात यासाठी एक प्रयोगशालेय कसोटी लावतात : ठरावीक द्रावकाने तेलातून निघणारा अंश तीन टक्क्यांपेक्षा कमी असेल तर त्या तेलावर कर्करोगाचा इशारा छापावा लागत नाही. दिसायला दोन्ही तेले सारखीच. हातावर घेऊन, हुंगून किंवा अनुभवावरून कोणताही कुशल कारागीर त्यांतला फरक सांगू शकणार नाही. म्हणूनच लेबल पाहिजे. जो धोका डोळ्यांना दिसतो त्याला लेबल नसले तरी एक वेळ चालेल.

आता आपल्या देशाच्या कायद्याकडे वळू. १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री भोपाळ घडले. फुफ्फुसे जळालेली माणसे इस्पितळात येत होती आणि कोणता वायू सुटला, त्यावर उपचार कोणता, हे डॉक्टरांना सांगायला कोणी पुढे येत नव्हते. या हत्याकांडानंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा आला, १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली, आणि १९८९ साली घातक रसायनांचे उत्पादन, साठवण व आयात यांचे नियम निघाले. या नियमांपैकी सतरावा नियम आपल्या विषयाचा आहे. घातक रसायनाच्या प्रत्येक पात्रावर आत काय आहे, उत्पादक किंवा आयातदार कोण, त्याचे भौतिक, रासायनिक व विषशास्त्रीय गुण कोणते, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. आणि त्यासोबत सुरक्षा माहितीपत्रक पाहिजे. वाचून समाधान वाटावे असा हा नियम आहे.

अडचण ‘घातक रसायन’ या शब्दांच्या व्याख्येत आहे. त्या नियमांच्या पहिल्या अनुसूचीतील कसोट्या पाहा. पदार्थ विषारी केव्हा? तो पोटात, त्वचेवाटे किंवा श्वासावाटे गेला असता प्रयोगातील निम्मे प्राणी किती थोड्या मात्रेत मरतात यावर. ज्वालाग्राही केव्हा? त्याचा प्रज्वलनबिंदू किती खाली आहे यावर. आणि तिसरी कसोटी स्फोटकतेची. वंगणतेल या तिन्ही कसोट्यांतून सहज निसटते. उंदराला मारायला ते भरपूर पाजावे लागते. त्याचा प्रज्वलनबिंदू साधारणपणे दीडशे-दोनशे अंशांच्या घरात असतो. स्फोटाचा तर प्रश्नच नाही. वीस वर्षांनी होणारा कर्करोग, सहा महिन्यांत उठणारा त्वचारोग, एकदा जडला की नोकरीच सोडायला लावणारी ॲलर्जी, यांना या कसोट्यांत जागा नाही. भोपाळच्या धक्क्यातून जन्मलेल्या कायद्याने भोपाळसारखेच धोके पाहिले. एका रात्रीत मारणारे विष त्याला दिसते. एका आयुष्यात मारणारे दिसत नाही.

कारखाने अधिनियमातही हीच गोष्ट वेगळ्या वाटेने घडली. १९८७ च्या दुरुस्तीने धोकादायक प्रक्रियांसाठी स्वतंत्र प्रकरण घातले आणि त्यात मालकाने कामगारांना धोक्याची माहिती देणे सक्तीचे केले. कोणते उद्योग धोकादायक, याची यादी अनुसूचीत आहे. त्या यादीत पेट्रोलियम उद्योगाखाली ‘वंगणतेले व ग्रीस’ यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे वंगण बनवणे ही कायद्याने धोकादायक प्रक्रिया आहे. तेच वंगण यंत्रावर ओतून त्यात हात बुडवून आठ तास टर्निंग किंवा मिलिंग करणे मात्र यादीत नाही! मनालीला तेल बनवणाऱ्या कामगाराला त्या प्रकरणाचा आधार आहे. ते वापरणाऱ्या चाकणच्या टर्नरला नाही. गंमत अशी की याच अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत, कळवणे बंधनकारक असलेल्या व्यवसायजन्य रोगांमध्ये, खनिज तेलाने होणारे पुरळ व त्वचादाह नोंदलेला आहे. रोग कायद्याला मान्य आहे. त्याचे कारण पिंपावर लिहिण्याची सक्ती मात्र नाही.

याहून मोठा विरोधाभास पाहायचा असेल तर तेल जुने झाल्यावर काय होते ते पाहा, आणि त्यासाठी पेरुंगुडीहून चांगली जागा नाही. जुन्या महाबलीपुरम रस्त्याकडून पाहिले तर येथे संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती दिसतात. त्यांच्यामागे जुनी औद्योगिक वसाहत आहे, आणि तिच्याही मागे महानगराचा कचरा वर्षानुवर्षे जेथे टाकला गेला ते मैदान, पल्लिकरणै पाणथळीच्या अगदी कडेला. २०२२ च्या एप्रिलमध्ये ते मैदान कित्येक दिवस जळत होते, आणि त्याच वर्षी ती पाणथळ रामसर यादीत गेली. अशा जागी तेलाने माखलेली चिंधी पोहोचू नये म्हणून २०१६ चे घातक कचऱ्याचे नियम आहेत. त्यांनुसार वापरलेले वंगणतेल हा घातक कचरा आहे, तेलकट चिंध्या आणि घातक रसायनाने माखलेली रिकामी पिंपेही त्याच यादीत आहेत. अशा कचऱ्याच्या पात्रावर पिवळ्या भूमीवर लाल अक्षरांत ‘घातक कचरा’ आणि ‘जपून हाताळा’ असे लिहायचे असते, तेही हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत.

म्हणजे तेल जोवर कामगाराच्या अंगावर उडते तोवर ते निरुपद्रवी माल असते. ते कारखान्याच्या फाटकाबाहेर निघाले की तीन भाषांत घातक ठरते. जी चिंधी दिवसभर टर्नरच्या विजारीच्या खिशात असते, आणि खिशातली हीच तेलकट चिंधी जांघेच्या त्वचेला तेलात भिजवत राहते, तिला इशारा मिळतो तो कचऱ्याच्या डब्यात पडल्यावर. पाणथळीला संरक्षण मिळू नये असे मी मुळीच म्हणत नाही. पाणथळीतल्या पक्ष्याला जे मिळते ते माणसालाही मिळावे, एवढेच म्हणणे आहे.

नाव हरवलेले तेल किती दूर जाऊ शकते, याचेही स्मरण ठेवले पाहिजे. १९५९ साली मोरोक्कोतील मेकनेस शहरात स्वस्त खाद्यतेल खाऊन सुमारे दहा हजार माणसांचे पाय लुळे पडले. अमेरिकी हवाईतळावरून शिल्लक माल म्हणून विकले गेलेले विमानाच्या टर्बाइनचे वंगण व्यापाऱ्यांनी खाद्यतेलात मिसळले होते आणि त्या वंगणात क्रेसिल फॉस्फेट हे पूरक द्रव्य होते. १९६० साली मुंबईतही क्रेसिल फॉस्फेटच्या विषबाधेने लुळे पडलेले रुग्ण डॉक्टरांनी तपासले आणि त्यांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात केली. १९८८ मध्ये कलकत्त्याच्या बेहाला भागात भेसळीच्या तेलातून त्याच जातीच्या द्रव्याने शेकडो गोरगरिबांना अपंग केले. भेसळ करणारे नफेखोर होते, यात शंका नाही. पण ज्या द्रव्यावर ‘मज्जातंतूंना घातक’ असे ठळक छापलेले आहे ते रेशनच्या रांगेतल्या माणसाच्या कढईत जाणे निदान थोडे तरी अवघड होते.

आता कारखान्याच्या आत येऊ. पिंपावर लेबल असले तरी कामगार पिंपातून काम करीत नाही. तो डब्यातून, कॅनमधून, कापलेल्या बाटलीतून काम करतो. दोनशे लिटरच्या पिंपातून पाच लिटरच्या कॅनमध्ये तेल ओतले की सगळी माहिती पिंपावरच राहते. आणि ओतायचे कसे? पंप मोडलेला असतो, तेव्हा नळी तोंडात धरून ओढ घेतात. हे प्रत्येकाने पाहिले आहे. पातळ तेलाच्या बाबतीत ही सवय प्राणघातक ठरू शकते. चाळीस अंश तापमानाला ज्या खनिज तेलाची श्यानता एका ठरलेल्या मर्यादेच्या आत आहे, ते गिळताना श्वासनलिकेत उतरून फुफ्फुस निकामी करू शकते. स्पिंडल ऑइलसारखी काही पातळ तेले या वर्गात बसू शकतात. संयुक्त राष्ट्रांच्या वर्गीकरणात अशा तेलावर छातीवर तारा असलेल्या माणसाचे चिन्ह आणि ‘धोका’ हा शब्द छापावा लागतो, आणि उलटी करवू नये अशी सूचना द्यावी लागते. आपल्याकडे अपघात झाला की पहिला प्रयत्न उलटी करवण्याचाच होतो. लेबलावरील एक ओळ येथे जीव वाचवते. ग्रीसगनचेही तसेच. उच्च दाबाचे ग्रीस बोटात शिरले तर बाहेरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, म्हणून कामगार फडके बांधून पाळी पूर्ण करतो. आत मात्र बोट मरत असते. ती जखम ताबडतोब शस्त्रक्रिया मागणारी आहे, हे किती ग्रीसगनवर लिहिलेले असते?

भाषेचा प्रश्न येथेच येतो. या भागातल्या एखाद्या यंत्रशाळेत तमिळ फोरमन, ओडिया हेल्पर आणि कोल्हापूरकडचा टर्नर एकत्र काम करीत असतील, लेबल इंग्रजीत. १९८९ च्या नियमाने लेबलाची भाषा ठरवून दिलेली नाही. असे नव्हे की सरकारला ते सुचत नाही. कीटकनाशकांच्या १९७१ च्या नियमांत हिंदी, इंग्रजी आणि प्रादेशिक भाषेतील पत्रक आहे, विषाच्या तीव्रतेनुसार लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण आहे. तरीही २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने मेले. त्रिकोण डब्यावर होता. हातमोजे, मुखवटा आणि वेळेवर उपचार कोठेच नव्हते. म्हणून मी लेबलाला मंत्र मानत नाही. चिन्हसुद्धा शिकवावे लागते, आणि ते शिकवण्याचा वेळ पाळीच्या तासांत धरला गेला पाहिजे.

आणखी एक मर्यादा आहे. लेबल सांगते ते सीलबंद पिंपातल्या तेलाविषयी. पाण्यात मिसळलेले दुधाळ कूलंट यंत्राच्या टाकीत महिनोन्महिने फिरते. त्यात धातूचा कीस, दुसऱ्या यंत्रभागांचे तेल आणि जंतू मिसळतात. २००३-०४ मध्ये बर्मिंगहॅमच्या लाँगब्रिज येथील इंजिन कारखान्यात अशाच कूलंटच्या धुक्यामुळे ऐंशीहून अधिक कामगारांना दम्याचे व फुफ्फुसदाहाचे विकार झाले. १९७६ साली अमेरिकेच्या व्यवसाय-आरोग्य संस्थेने इशारा दिला होता की कूलंटमधील नायट्राइट आणि अमाइन एकत्र आल्यावर नायट्रोसॅमाइन बनते. विकत घेताना ते पिंपात असेलच असे नाही. हवेतील तेलाच्या धुक्याची आपल्या कारखाने अधिनियमातील मर्यादा घनमीटरला ५ मिलिग्रॅम होती. त्याच अमेरिकी संस्थेने १९९८ साली धातुकामाच्या द्रवांसाठी ०.५ मिलिग्रॅमची शिफारस केली. दहापट फरक आहे, आणि फुफ्फुस तर दोन्हीकडे सारखेच.

आंतरराष्ट्रीय स्थिती थोडक्यात सांगतो. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचा रसायनांविषयीचा १७० क्रमांकाचा करार १९९० चा आहे. वर्गीकरण, लेबल, माहितीपत्रक आणि कामगाराचा माहितीचा हक्क हे सर्व त्यात आहे. संयुक्त राष्ट्रांची वर्गीकरण व लेबलाची जागतिक पद्धत २००३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात एका रात्रीचे विष आणि वीस वर्षांचे विष या दोहोंना जागा आहे. निश्चित कर्करोगकारक घटक हजारात एक भाग असला तरी मिश्रण त्या वर्गात जाते. युरोपने ही पद्धत २००८ च्या नियमाने स्वीकारली. भारतातही २०११ मध्ये आणि पुन्हा २०२० च्या सुमारास मसुदे निघाले, उद्योजकांशी बैठका झाल्या. दरम्यान आपल्याच देशात भरलेले वंगणाचे पिंप युरोपला जायचे असेल तर त्यावर तेथील नियमाप्रमाणे वर्गीकरण आणि लागू असेल ते चिन्ह छापावेच लागते. अशा मालाचे वर्गीकरण करण्याचे ज्ञान कंपनीकडे आहे, छापखाना आहे, शाईही आहे. देशी पिंपावर ती चिन्हे दिसत नसतील तर खर्चाची किंवा तंत्रज्ञानाची सबब कोणी सांगू नये.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि कारखाने अधिनियम तिच्यात विलीन झाला. विजेवर चालणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येतील कामगारांची संख्या दहावरून वीस झाली. कोपऱ्यावरचे बारा-पंधरा माणसांचे वर्कशॉप, जेथे सुटे आणि पुन्हा गाळलेले स्वस्त काळे तेल सर्वांत जास्त वापरले जाते, ते कारखाना या व्याख्येतूनच बाहेर पडले. कळवण्याच्या रोगांची यादी मात्र संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीत आहे, आणि आरोग्य व सुरक्षा यांविषयी मालकाकडे माहिती मागण्याचा कामगाराचा हक्कही आहे. या दोन गोष्टी हाती धरून काम सुरू करता येते.

परत गेल्यावर आपापल्या कारखान्यात वापरात असलेल्या प्रत्येक तेलाचे, ग्रीसचे, कूलंटचे सुरक्षा माहितीपत्रक लेखी मागा. ते सोळा भागांचे असावे. दुसऱ्या भागात धोक्याचे वर्गीकरण, तिसऱ्यात घटक, अकराव्यात विषशास्त्र. ‘गुप्त मिश्रण’ असे लिहून तिसरा भाग कोरा सोडला असेल तर तेवढ्यावर थांबू नका. मूळ तेल कितपत शुद्ध आहे, ती तीन टक्क्यांची कसोटी लागली का, हे पुरवठादाराला विचारायला लावा. माहितीपत्रकातील चार ओळी मराठीत, तमिळमध्ये, हिंदीत, ओडियात लिहून कॅनवर चिकटवा. हाताला, मांडीला, जांघेत पुरळ असलेल्या कामगारांची यादी खातेवार करा. संकोचापोटी पुष्कळ जण सांगत नाहीत, म्हणून ही चौकशी वयस्क, विश्वासातल्या कामगाराकडून व्हावी. डॉक्टरने रोग कळवला की नाही ते पाहा. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉसच्या खटल्यात कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरीच्या आरंभापासून किमान चाळीस वर्षे ठेवण्याचा आदेश दिला होता, कारण असे रोग निवृत्तीनंतर उगवतात. तेलात काम करणाऱ्यांची अशी नोंदवही आपल्या किती कारखान्यांत आहे, ते मोजून पुढच्या अभ्यासवर्गाला या. तोवर पिंपाचा हातपंप दुरुस्त करून घ्या.